पांच हजार पौंडांचें औषध

मुतखड्यावर औषध सांगणारा मनुष्य नाहीं असें गांव आपल्याकडे शोधूनहि सांपडावयाचें नाहीं. कोणी कुळथाचें कढण सांगतो, कोणी सराट्यांचा काढा, कोणी वायवर्ण्याची साल, तर कोणी कुंडींतल्या पानफुटीचीं दोन पानें रोज सकाळीं अनशापोटीं चावून खाण्यास सांगतो. सांगणाऱ्याच्या पदरीं दाखले असतातच. अमक्याचा खडा आठ दिवसांत पडला, तमक्याची शस्त्रक्रिया टळली, हें तो शपथेवर सांगतो; आणि तो खोटें बोलत असतो असें मुळींच नाहीं. ज्याच्या कुशींतून त्या कळा येऊन गेल्या आहेत त्याला दाखल्यांची छाननी करण्याचें भान नसतें व तशी इच्छाहि नसते. त्याला खडा जावयास हवा असतो. परंतु ज्याला कळा येत नाहींत अशा स्वस्थ मनुष्यानें स्वतःस एक प्रश्न विचारण्यास हरकत नाहीं : औषध घेतलें आणि खडा गेला, एवढ्यावरून औषधानें खडा गेला असें म्हणतां येतें काय?

हा प्रश्न नवा नाहीं. १७३९ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें तो एका बाईच्या औषधाविषयीं विचारला. त्यासाठीं कायदा केला, पांच हजार पौंडांचें बक्षीस लावलें, राज्यांतील मोठमोठे धर्माधिकारी, न्यायाधिकारी व वैद्य यांची समिति नेमली, आणि उत्तर मिळविलें. तें उत्तर चुकलें. तें कसें चुकलें, कोणाकोणास भोंवलें, आणि त्या चुकीच्या पोटींच ज्ञानाची एक नवी वाट कशी फुटली, हें येथें सांगण्याचा विचार आहे.

प्रथम त्या काळच्या रोगाविषयीं दोन शब्द. आज आपण मुतखडा म्हणतों तेव्हां तो बहुधा मूत्रपिंडांत किंवा तेथून खालीं येणाऱ्या नळींत असतो. अठराव्या शतकांतील युरोपांत याखेरीज दुसऱ्या एका खड्याची मोठी दहशत होती. तो मूत्राशयांत बसे, तेथेंच वर्षानुवर्षें वाढे, आणि श्रीमंत म्हाताऱ्यांप्रमाणेंच गरिबांच्या लहान मुलांनाहि सोडीत नसे. चालतांना, घोड्यावर बसतांना, लघवी करतांना तो आपली आठवण देई. त्यावर उपाय एकच : रोग्याला बांधून, चारदोन धटिंगणांकडून धरवून, तो शुद्धीवर असतांनाच कापून खडा बाहेर काढणें. भूल देणाऱ्या ईथरचा उपयोग १८४६ सालीं जगापुढें आला; तोंपर्यंत दुसरा मार्गच नव्हता. रोजनिशीकार म्हणून प्रसिद्ध असलेल्या सॅम्युएल पीप्स यानें १६५८ सालच्या मार्चमध्यें ही शस्त्रक्रिया करून घेतली. तो वांचला, काढलेला खडा त्यानें जपून ठेविला, आणि पुढें त्या दिवसाच्या स्मरणार्थ तो मेजवानी देत असे. पुनर्जन्माचा दिवस साजरा करावा तसाच तो प्रकार होता. पुढच्या शतकांत लंडनचा शस्त्रवैद्य विल्यम चेसेल्डन हा या कामांत अद्वितीय मानला गेला. त्यानें आपल्या २१३ रोग्यांचा हिशेब दिला आहे. त्यांत २० दगावले. म्हणजे त्या काळच्या सर्वोत्कृष्ट हातांतहि दर दहाअकरा माणसांमागें एक जात असे. इतर हातांचा हिशेब न केलेलाच बरा.

आपल्या सुश्रुतालाहि हें संकट पुरतें ठाऊक होतें. अश्मरीची शस्त्रक्रिया सांगतांना तो बजावतो कीं कुशल वैद्याच्या हातूनहि येथें सिद्धीची खात्री नाहीं. परंतु न करावें तर मरण निश्चित आहे, म्हणून राजाची किंवा अधिकाऱ्याची अनुज्ञा घेऊन मगच शस्त्र हातीं धरावें. इतक्या सावधपणानें ज्या कर्माची सुरुवात करावी लागे, तें टाळणारें कोणतेंहि चूर्ण, कोणताहि काढा लोकांना अमृतासारखा वाटावा यांत नवल नाहीं.

लंडनमध्यें जोआना स्टीफन्स नांवाची एक बाई असें औषध देत होती. ती वैद्यकी शिकलेली नव्हती. तिच्या औषधानें खडा न कापतां विरघळून जातो अशी ख्याति मात्र दूरवर पसरली होती, आणि तिच्याकडे येणाऱ्यांत सरदार व धर्मगुरूहि होते. त्यांतच डेव्हिड हार्टली हा होता. मनांतील कल्पना एकमेकींशीं कशा जोडल्या जातात याविषयींच्या त्याच्या विचारांना तत्त्वज्ञानाच्या इतिहासांत स्थान आहे. तो वैद्यकीचा व्यवसाय करी आणि स्वतः खड्यानें पिडलेला होता. स्टीफन्सबाईचें औषध त्यानें घेतलें, त्याला बरें वाटलें, आणि तेव्हांपासून तो तिचा पक्षकार झाला. १७३८ सालीं त्यानें दहा रोग्यांच्या हकीकती छापल्या, आणि पुढील वर्षीं आणखी मोठें पुस्तक काढून त्यांत स्वतःसकट १५५ रोग्यांचा वृत्तांत दिला.

हें औषध गुप्त होतें. बाईनें तें उघड करण्याची किंमत पांच हजार पौंड सांगितली. आधीं लोकवर्गणीचा प्रयत्न झाला. वर्तमानपत्रांतून विनंत्या झाल्या, उमराव व बिशप यांनीं आंकडे घातले, तरी रक्कम निम्म्यापर्यंतहि पोंचेना. तेव्हां तिच्या चाहत्यांनीं पार्लमेंटकडे धांव घेतली. १७३९ सालीं कायदा झाला : बाईनें आपली कृति प्रसिद्ध करावी, नेमलेल्या विश्वस्तांनीं औषधाची परीक्षा करावी, आणि त्यांची खात्री पटल्यास सरकारी खजिन्यांतून पांच हजार पौंड द्यावे. विश्वस्तांत कँटरबरीचे आर्चबिशप होते, लॉर्ड चॅन्सेलर होते, वनस्पतींतील रसाचा दाब मोजून कीर्ति मिळविलेले पाद्री स्टीफन हेल्स होते, चेसेल्डन होता, आणि हार्टलीहि होता. वकील, साक्षीदार व न्यायाधीश एकाच माणसानें व्हावें, ही गोष्ट तेव्हां कोणास फारशी खटकली नाहीं. हार्टलीच्या सचोटीविषयीं कोणालाहि शंका नव्हती, आणि आजहि घेण्याचें कारण नाहीं. परंतु सचोटी ही एक गोष्ट व निःपक्षपात ही दुसरी.

जून १७३९ मध्यें सरकारी गॅझेटांत ती बहुमोल कृति छापून आली. औषधें तीन : एक चूर्ण, एक काढा व एक गोळी. चूर्ण होतें कोंबडीच्या अंड्यांच्या टरफलांचें व बागेंतल्या गोगलगायींचें. टरफलें भट्टींत पांढरीं होईपर्यंत जाळावयाचीं, मग कोरड्या जागीं सुमारें दोन महिने हवेंत उघडीं ठेवावयाचीं, आणि तीं आपोआप भुगा झालीं म्हणजे त्यांत जाळलेल्या गोगलगायींची पूड मिसळावयाची. काढ्यासाठीं स्पेनमधील अ‍ॅलिकांतीचा उत्तम साबण घ्यावयाचा, त्यांत एक रानभाजी काळी होईपर्यंत जाळून घालावयाची, मध घालून त्याचा गोळा वळावयाचा, आणि तो चिरून बाबूना, बडीशेप, पार्सली व बर्डॉक यांच्याबरोबर पाण्यांत उकळावयाचा. गोळींत पुन्हा गोगलगायी, साबण व मध होताच. शिवाय रानगाजराचें बीं, बर्डॉकचें बीं, अ‍ॅश वृक्षाच्या शेंगा, रानगुलाबाचीं व हॉथॉर्नचीं फळें, हीं सर्व कोळशासारखीं काळीं होईपर्यंत भाजलेलीं. पांच हजार पौंडांची पोतडी उघडली आणि आंतून निघालीं घराच्या परसांत सांपडणारीं झाडें, साबण व टरफलें. अनेकांनीं तोंडावर रुमाल धरून हसून घेतलें. परंतु हसणें म्हणजे परीक्षा नव्हे. औषधाचे घटक हलके आहेत एवढ्यावरून तें निरुपयोगी ठरत नाहीं. त्या बाबतींत विश्वस्तांनीं हसण्याऐवजीं परीक्षेला हात घातला हें त्यांना भूषणावहच होय.

परीक्षा अशी ठरली. चार रोगी निवडले. धातूची वांकडी शलाका मूत्रमार्गानें मूत्राशयांत घातली म्हणजे ती खड्याला लागून टणत्कार होतो. अनुभवी शस्त्रवैद्याच्या हाताला तो कळतो व कानाला ऐकूं येतो. या रीतीनें चौघांच्याहि मूत्राशयांत खडा आहे अशी आधीं खात्री केली. मग त्यांना कित्येक महिने औषध दिलें. त्यांच्या लघवींतून पांढुरके कपचे व गाळ पडूं लागला. वेदना कमी झाल्या. शेवटीं पुन्हा शलाका घातली. खडा लागला नाहीं. मार्च १७४० मध्यें विश्वस्तांनीं औषधाची उपयुक्तता व खडा विरघळविण्याची शक्ति आपल्याला पटली असा दाखला दिला, आणि बाईला पांच हजार पौंड मिळाले.

आतां ही परीक्षा कोठें लंगडी पडली तें पाहूं. कारण तिच्यांत ढोंग शोधूं गेल्यास तें सांपडावयाचें नाहीं आणि खरा दोष मात्र नजरेंतून निसटेल. शलाका खड्याला लागली तर खडा आहे हें निश्चित. परंतु लागली नाहीं तर खडा नाहीं, हें निश्चित नव्हे. बरेच दिवस खडा सोसलेल्या मूत्राशयाच्या भिंतींत खोबणी पडतात व खडा त्यांत दडून बसूं शकतो. तेथें तो शलाकेला चुकवितो, आणि तेथें असेपर्यंत फारसा टोंचतहि नाहीं. म्हणजे वेदना थांबली व टणत्कारहि थांबला, तरी खडा जागच्या जागीं! जेम्स पार्सन्स नांवाच्या वैद्यानें १७४२ सालीं मूत्राशयाच्या रचनेवर पुस्तक लिहून या औषधावर टीका केली. पण तोंपर्यंत पैसे देऊन झाले होते व कृति घरोघरीं पोंचली होती.

पांढऱ्या कपच्यांनीं तर पाहणाऱ्यांची फार मोठी फसगत केली. रोगी रोज चुना व साबण पोटांत घेत होता. त्यायोगें मूत्र क्षारयुक्त होतें, आणि अशा मूत्रांत फॉस्फेटाचा पांढरा साका सहज बसतो. जें बाहेर पडत होतें तें जुन्या खड्याचे तुकडे, कीं औषधानेंच नव्यानें बसविलेला थर, हें ओळखण्याचें साधन त्या वेळीं कोणापाशींच नव्हतें, कारण खडा कशाचा असतो हेंच कोणाला माहीत नव्हतें.

तिसरा दोष सर्वांत मोठा. औषध घेतलेले चार पाहिले. न घेतलेले चार कोणी पाहिले नाहींत. औषधावांचून ज्यांची वेदना कांहीं महिने थांबली असती अशा रोग्यांचा हिशेब कोठेंच नव्हता. जेम्स लिंड या नौदलाच्या शस्त्रवैद्यानें १७४७ सालीं, म्हणजे या दाखल्यानंतर सातच वर्षांनीं, रक्तपितीनें आजारी असलेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला निराळें औषध दिलें. संत्रीं व लिंबें मिळालेल्या जोडीचा गुण इतरांशीं ताडून पाहतां आला तो त्यामुळेंच. एवढी साधी युक्ति आर्चबिशपांच्या समितीला सुचली नाहीं. हार्टलीच्या १५५ हकीकतींतहि ती नव्हती. दाखले कितीहि गोळा केले तरी ज्यांच्याशीं ते ताडावयाचे ते दाखले नसतील, तर ढीग वाढतो, पुरावा वाढत नाहीं.

याची किंमत कोणी दिली? कायदा झाला तेव्हां सर रॉबर्ट वॉल्पोल हे प्रधानमंत्री होते. पुढें तेहि खड्यानें आजारी झाले. जेम्स ज्युरिन नांवाच्या विद्वान् वैद्यानें स्टीफन्सबाईच्या औषधांतलें सार तेवढें घ्यावें या हेतूनें साबणाच्या क्षाराचा अधिक तीव्र अर्क काढला होता. तो वॉल्पोलना देण्यांत आला. रक्त पडूं लागलें, यातना असह्य झाल्या, आणि मार्च १७४५ मध्यें त्यांचा अंत झाला. शस्त्रवैद्य जॉन रॅन्बी यानें या शेवटच्या दुखण्याची हकीकत छापून दोष त्या अर्काकडे दिला, आणि वैद्यांत मोठें भांडण माजलें. वॉल्पोलांचे बंधु होरेशियो यांनीं साबण व चुन्याची निवळी वर्षानुवर्षें घेतली. आपल्याला गुण आल्याचें त्यांनीं रॉयल सोसायटीला लिहून कळविलें. १७५७ सालीं ते वारले व शरीर तपासलें तेव्हां मूत्राशयांत खडे होतेच. त्यांना मिळालेला आराम खोटा नव्हता. खडा गेला ही समजूत मात्र खोटी होती. त्याच वर्षीं हार्टलीहि खड्याच्याच विकारानें गेला. जन्मभरांत त्यानें दोनशें पौंड वजनाचा साबण पोटांत घातला असें सांगतात. आपण ज्याचा पक्ष घेतला तें औषध त्यानें शेवटपर्यंत इतरांइतकेंच, किंबहुना इतरांहून अधिक, स्वतःवर चालविलें. फसविणारा मनुष्य असें करीत नाहीं.

येथपर्यंत वाचून स्टीफन्सबाईला लुच्ची व विश्वस्तांना भोळे ठरविण्याचा मोह होतो. परंतु इतिहास तेथें थांबला नाहीं. कृति उघड झाली ही गोष्ट परीक्षेपेक्षांहि महत्त्वाची ठरली. गुप्त औषधावर श्रद्धा ठेवतां येते किंवा ठेवतां येत नाहीं. उघड औषधाचे भाग पाडून पाहतां येतात. हेल्स यांनीं तेंच केलें. १७४० सालीं त्यांनीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले आणि दाखविलें कीं या लांबलचक यादींत काम करणारे घटक दोनच, साबणांतला क्षार आणि टरफलांचा चुना. कोळसा केलेल्या बियांचा, फळांचा व भाज्यांचा वांटा नांवापुरता. येथें एक गंमत ध्यानांत घेण्याजोगी आहे. अ‍ॅलिकांतीचा साबण होई तो ऑलिव्हच्या तेलांत समुद्रकांठच्या खाऱ्या झुडुपांच्या राखेचा क्षार घालून. म्हणजे ज्या वनस्पति बाईनें औषधी म्हणून मुद्दाम घातल्या त्या निकामी निघाल्या, आणि जी वनस्पति साबणाच्या रूपानें नकळत आली तीच कामाची ठरली. झाडपाल्याच्या औषधांत कोणतें झाड काम करतें हें औषध देणाऱ्यालाहि ठाऊक असतेंच असें नाहीं.

चुन्याकडे लक्ष गेलें तसा एडिंबरोच्या विद्यापीठांत वाद सुरू झाला. प्राध्यापक रॉबर्ट व्हाइट यांचें म्हणणें कीं शिंपल्यांच्या चुन्याची निवळी खड्यावर अधिक गुणकारी. प्राध्यापक चार्ल्स ऑल्स्टन म्हणत, दगडी चुना कांहीं कमी नाहीं. त्यांच्या हाताखालीं जोसेफ ब्लॅक नांवाचा तरुण विद्यार्थी होता. त्याला खडा विरघळविणारें, पण चुन्यासारखें आंतडीं न पोळणारें, सौम्य औषध शोधावयाचें होतें. आणि दोन गुरूंच्या भांडणांत पडावयाचें नव्हतें. म्हणून त्यानें चुना सोडून मॅग्नेशिया हातीं घेतला. खड्याच्या दृष्टीनें तो निरुपयोगी निघाला. परंतु मॅग्नेशिया तापविला असतां त्याचें वजन बरेंच घटतें हें ब्लॅकनें तराजूवर पाहिलें, आणि घटलेलें वजन कोठें जातें याचा पाठलाग सुरू केला. तें एका वायूच्या रूपानें बाहेर पडत होतें. चुनखडी भाजली म्हणजे तोच वायु निघून जातो, आणि तो गेल्यामुळेंच चुना दाहक होतो. अग्नीचे कण आंत शिरल्यामुळें नव्हे. १७५४ सालच्या प्रबंधांत व १७५६ सालच्या निबंधांत त्यानें हें मांडलें. त्या वायूला त्यानें ‘स्थिर वायु’ म्हटलें. आज आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतों. नेहमींच्या हवेहून भिन्न असा एक निराळा वायु असूं शकतो, आणि रसायनशास्त्रांत तराजू हाच साक्षीदार मानावा, हे दोन धडे येथून निघाले. गोगलगायींच्या भस्मापासून आधुनिक रसायनापर्यंत अवघीं सतरा वर्षें लागलीं.

मग त्या रसायनानें खड्याचें ऋण फेडलें. १७७६ सालीं स्वीडनच्या शील यानें मूत्राशयांतील खड्यांतून एक नवें अम्ल वेगळें काढलें. तेंच आजचें यूरिक अम्ल. १७९७ सालीं विल्यम वुलॅस्टन यानें दाखविलें कीं सगळे खडे एका द्रव्याचे नसतात : कांहीं यूरिक अम्लाचे, कांहीं ऑक्झलेटाचे, कांहीं निरनिराळ्या फॉस्फेटांचे. १८१० सालीं त्यानेंच आणखी एक दुर्मिळ जात शोधून काढली. येथें स्टीफन्सबाईच्या खटल्याचा खरा निकाल लागला. यूरिक अम्लाचा खडा क्षारयुक्त मूत्रांत विरघळूं शकतो. आजहि अशा खड्यासाठीं पोटॅशियम सायट्रेट देऊन मूत्राची आम्लता कमी करतात. ऑक्झलेटाच्या खड्यावर त्या क्षाराचा परिणाम होत नाहीं. आणि फॉस्फेटाचा खडा क्षारानें उलट वाढतो. म्हणजे तेंच औषध एकाला उपकारक, दुसऱ्याला निरर्थक व तिसऱ्याला अपायकारक. ‘खड्यावर हें औषध चालतें काय?’ हा पार्लमेंटचा प्रश्नच अपुरा होता. ‘कोणत्या खड्यावर?’ असें विचारावयास हवें होतें, आणि १७३९ सालीं तसें विचारण्याइतकें ज्ञान कोणालाच नव्हतें.

आतां आपल्या घराकडे वळूं. सुश्रुतानें शर्करेवर, म्हणजे बारीक खड्यांच्या रेतीवर, तीळ, आघाडा, केळ, पळस व जव यांचा क्षार मेंढीच्या मूत्राबरोबर देण्यास सांगितलें आहे. झाडें जाळून काढलेला क्षार पोटांत द्यावयाचा, ही कल्पना स्टीफन्सबाईच्या कल्पनेची कितीतरी वडील बहीण होय. आणि तिच्या मागें यूरिक अम्लापुरतें कां होईना, रासायनिक तथ्य असूं शकतें हें वरील इतिहासावरून दिसतें. सुश्रुतानें खड्यांचे दोषांप्रमाणें भेदहि केले आहेत. त्याचे भेद व वुलॅस्टनचे भेद एकच असें म्हणणें धाडसाचें होईल; परंतु सगळे खडे सारखे नव्हेत ही जाणीव त्याला होती, आणि लंडनच्या विश्वस्तांना ती नव्हती, एवढें म्हणणें न्यायाचें आहे.

तरी आपल्यापुढें एक अडचण आहे, ती लंडनकरांपुढें नव्हती. त्यांना औषध कोणतें हें गॅझेटानें सांगितलें होतें. आपल्याकडे ‘पाषाणभेद’ म्हटलें म्हणजे हिमालयांतील खडकांवर उगवणारें एक झाड कोणी देतो, कोणी पानफुटी देतो, कोणी पानओवा, तर कोणी कपुरमाधुरी. नांव एक, झाडें चार. आणि गुणाचे दाखले मात्र सर्व त्या एका नांवावर जमा! परीक्षेची पहिली पायरी म्हणजे तपासतों तें झाड कोणतें हें निश्चित करणें होय. ती पायरी गाळून केलेले सर्व वाद वाऱ्यावर जातात.

दुसरी पायरी निसर्गाचा वांटा वजा करण्याची. मूत्रपिंडांतून नळींत उतरलेले पांच मिलिमीटरांहून लहान खडे बहुतेक वेळां कोणत्याहि औषधावांचून आपोआप पडून जातात. त्या दिवसांत जो काढा हातीं असेल त्याला यश मिळतें. शिवाय काढ्याबरोबर पोटांत पाणी जातें, आणि भरपूर पाणी पिणें हा तर नवा खडा होऊं न देण्याचा सर्वमान्य उपाय आहे. मग गुण कुळथाचा कीं पाण्याचा? हा प्रश्न वैद्याचा अपमान करण्यासाठीं नाहीं. कुळथाला त्याचें खरें श्रेय मिळावें असें वाटत असेल, तर पाण्याचें श्रेय आधीं वेगळें काढावेंच लागेल.

असे प्रयत्न होत आहेत, आणि त्यांचीं उत्तरें ‘हो’ किंवा ‘नाहीं’ अशीं एका शब्दाचीं नाहींत. काशी हिंदु विश्वविद्यालयांतील अभ्यासकांनीं १९८२ सालीं वायवर्ण्याविषयींचें आपलें काम अनुकूल मतासह प्रसिद्ध केलें. मद्रासेंत १९९० सालीं त्याच सालीचा उंदरांवरील उपयोग अभ्यासला गेला. उंदराला आलेला गुण माणसाला येईलच असें नाहीं, हें वेगळें सांगावयास नको. भारतांत विकलें जाणारें एक मिश्र वनौषध अमेरिकेंत थोड्या रुग्णांवर तपासून २०११ सालीं निष्कर्ष छापला गेला : मूत्राच्या घटकांत फरक नाहीं, आणि वर्षाअखेर खडे कमी झाले नाहींत. आपल्या भुईआवळीच्या गोत्रांतील एक रोपटें ब्राझीलमध्यें खड्यावर दिलें जातें. तेथील लोक त्याला ‘केब्रा-पेद्रा’, म्हणजे ‘दगडफोडी’, म्हणतात. साओ पावलो येथील संशोधकांनीं ६९ रुग्ण घेतले, कांहींना तें व कांहींना तसेंच दिसणारें निर्गुण औषध तीन महिने दिलें, आणि २००४ सालीं निकाल सांगितला. ज्यांच्या मूत्रांत मुळांतच कॅल्शियम अधिक जात होतें त्यांच्यांत तें कमी झालें. म्हणजे हें झाड दगड फोडतें असें ठरलें नाहीं; कांहीं विशिष्ट माणसांत दगडाचें भांडवल कमी करतें, एवढें दिसलें. नांवानें जें वचन दिलें होतें त्याहून हें लहान आहे, आणि त्याहून निराळें आहे. परंतु तें मोजलेलें आहे, म्हणून त्याच्यावर पुढची वीट ठेवतां येते.

जुन्या औषधांविषयीं आपल्याकडे दोन पक्ष आहेत. एकाला पूर्वजांनीं सांगितलें हाच पुरावा पुरतो. दुसऱ्याला पूर्वजांनीं सांगितलें हाच दोष दिसतो. दोघांनाहि परीक्षेची गरज वाटत नाहीं. स्टीफन्सबाईची गोष्ट या दोघांपुढें ठेवण्याजोगी आहे. विश्वस्तांनीं विश्वास ठेविला तो चुकला. हसणाऱ्यांनीं अविश्वास दाखविला त्यांतूनहि कांहीं निष्पन्न झालें नाहीं. ज्यांनीं औषध उघड्यावर मांडून त्याचे भाग पाडले, तराजूंत घातले, आणि मिळालें तें उत्तर आपल्या आवडीचें नसतांहि लिहून ठेविलें, त्यांच्या हातूनच रोग्याचें पुढें कांहीं हित झालें. हार्टलीपाशीं बुद्धि होती, सचोटी होती, आणि दुखणेंहि स्वतःचें होतें. त्याच्यापाशीं नव्हते ते औषध न घेतलेले चार रोगी. आपल्या गांवचा कुळथाचा कढवैया आपल्यापुढें दाखले ठेवतो तेव्हां त्याला खोटें पाडण्याची जरूर नाहीं. त्या चौघांविषयीं मात्र विचारावें.